नवऱ्याचं कर्ज थकलंय, वसुलीवाले सोसायटीच्या गेटवर येतात. आम्ही काय करावं?

ऐरोलीच्या एका ताईंनी हे विचारलंय. त्यांच्या नवऱ्याची महापे एमआयडीसीतली नोकरी पाच महिन्यांपूर्वी गेली. क्रेडिट कार्डाचे १ लाख ८४ हजार थकलेत, एका फायनान्स कंपनीच्या पर्सनल लोनचे तीन हप्ते चुकलेत, आणि मुलीच्या फीसाठी मोबाइल ॲपवरून घेतलेले १५ हजार आहेत. दिवसाला तीस-चाळीस फोन येतात. साताऱ्याच्या दिरांनाही फोन गेला. मागच्या शुक्रवारी रात्री नऊला दोघे जण गेटवर आले, वॉचमनसमोर मोठ्याने रक्कम सांगितली आणि ताईंना म्हणाले, "गळ्यातलं विका की." दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून बोलतोय म्हणून फोन आला. ताई विचारतात: यांना अटक होईल का, घरातलं सामान नेतील का, माझ्यावर जबाबदारी येते का, आणि सिम बदलून टाकू का?

ताई, आधी एक सांगते. मी आज ठाण्यात वकिली करते, पण त्याआधी नऊ वर्षं एका बँकेच्या वसुली विभागात होते. तुमच्या गेटवर आलेली ती दोन मुलं कुठल्या दबावाखाली येतात, हे मी आतून पाहिलंय. त्यामुळे आधी पलीकडची बाजू सांगते. ती कळली की निम्मी भीती जाते.

थकलेली खाती किती दिवस थकली यावरून वेगवेगळ्या 'बकेट'मध्ये टाकतात. पहिले तीस दिवस एक, साठपर्यंत दुसरं, नव्वदपर्यंत तिसरं. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादित कर्ज, होतं आणि बँकेला त्यासाठी आपल्या नफ्यातून तरतूद करावी लागते. म्हणून नव्वदीच्या आत हप्ता निघावा यासाठी सगळी धावपळ असते. बँकेने नेमलेल्या वसुली एजन्सीला पगार नसतो, वसूल झालेल्या रकमेवर टक्केवारी असते. फोन करणाऱ्या टेलिकॉलरला दिवसभरात अमुक इतके 'पीटीपी' आणायचे असतात. पीटीपी म्हणजे 'अमक्या तारखेला भरतो' असं तुमच्या तोंडून आलेलं वचन. तुम्ही फोन टाळण्यासाठी "सोमवारी भरते" म्हणालात की तिथे वचन नोंदलं जातं, सोमवार मोडला की पुढची पायरी, मग 'व्हिजिट'. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर आवाज चढतो, तो तुमच्यामुळे नव्हे, त्यांच्या टार्गेटमुळे.

त्या दोघांकडे तुमच्याविरुद्ध कायद्याचा एकही अधिकार नाही. सामान उचलण्याचा, घरात शिरण्याचा, अटक करवण्याचा, काहीच नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे तुमची लाज. शेजाऱ्यांना कळेल, दिरांना कळेल, मुलीच्या शाळेत कळेल. आपल्याकडे माणूस उपाशी राहील पण चारचौघांत मान खाली जाऊ देणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. रक्कम वॉचमनसमोर मोठ्याने सांगायचं कारण तेच. आणि नेमकं तेच करायला त्यांना मनाई आहे.

रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे. बँका, फायनान्स कंपन्या, नागरी सहकारी बँका, थकीत कर्जं विकत घेणाऱ्या मालमत्ता पुनर्रचना कंपन्या, सगळ्यांना ते लागू झालं. त्यात स्पष्ट लिहिलंय: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. पुन्हा पुन्हा फोन करून सतवायचं नाही. धमकी द्यायची नाही, निनावी फोन करायचे नाहीत. चारचौघांत अपमान करायचा नाही. कर्जदाराचे कुटुंबीय, मित्र, संदर्भ म्हणून दिलेली माणसं यांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही. खोटी ओळख किंवा खोटी माहिती द्यायची नाही. आणि एजंटाने हे केलं तर जबाबदार बँक. "ते आमचे लोक नाहीत, एजन्सीचे आहेत" हे उत्तर चालत नाही. तुमच्या एका शुक्रवारात यातले किती नियम मोडले, मोजून बघा.

त्याहून जुनी, एप्रिल २००८ ची सूचनाही तुमच्या कामाची आहे. बँकेने केस एजन्सीकडे देताना त्या एजन्सीचं नाव तुम्हाला कळवायला हवं. दारात आलेल्या माणसाकडे ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि बँकेने तुम्हाला पाठवलेल्या नोटिशीची प्रत असायला हवी. एजंटांना प्रशिक्षण आणि त्याची परीक्षा असते, आयआयबीएफ या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. आणि फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: कर्जदाराने तक्रार केलेली असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत बँकेने ती केस एजंटाकडे देऊ नये. अपवाद एकच, कर्जदार मुद्दाम, पुन्हा पुन्हा पोकळ तक्रारी करतोय याची बँकेची खात्री असेल तर. म्हणजे लेखी तक्रार ही नुसती कुरकुर नसते, तिने वसुलीची गाडी थांबू शकते. पण तक्रार लेखी हवी. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी कस्टमर केअरला वीस वेळा फोन केलेले असतात आणि ईमेल एकही नसतो.

आता अटकेचं.

कर्ज फेडता न येणं हा गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगितलंय की निव्वळ ऐपत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही. पोलीस ठाण्यातून वसुलीचे फोन येत नाहीत, ते पोलिसांचं कामच नाही. पोलीस असल्याची बतावणी करणं हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. तो नंबर, ती वेळ आणि बोलणं, सगळं लिहून ठेवा. पोलिसांना खरंच तुमच्या यजमानांना बोलवायचं असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची लेखी नोटीस येते. ती व्हॉट्सॲपवर पाठवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय.

पण इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. एक दार उघडं आहे आणि त्यातून माणसं खरोखर अडचणीत येतात. कर्ज घेताना सही केलेले चेक दिले असतील आणि ते वटले नाहीत, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा खटला होऊ शकतो. बँक खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी, जिला ईसीएस किंवा नॅच म्हणतात, ती शिल्लक नसल्यामुळे परत गेली तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तसाच खटला होऊ शकतो. त्याची रीत ठरलेली आहे. आधी लेखी नोटीस, मग पैसे भरायला १५ दिवस, मग कोर्टात तक्रार, मग समन्स. या खटल्यात तडजोड शेवटपर्यंत करता येते. माणूस गोत्यात येतो तो समन्स फाडून टाकल्यावर. तारखेला कोणी गेलं नाही की वॉरंट निघतं, आणि ते वॉरंट खरं असतं. म्हणून वकिलाच्या लेटरहेडवर आलेली नोटीस आणि कोर्टाचं समन्स यातला फरक ओळखायला शिका. "कोर्टात केस झालीय" असं कोणी म्हणालं तर सीएनआर नंबर मागा. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा हा नंबर असतो, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की खटला आहे की नाही ते मिनिटात दिसतं. नंबर देता आला नाही तर केस झालेली नाही असं धरायला हरकत नाही. तरी महिन्यातून एकदा यजमानांच्या नावाने ठाणे जिल्ह्यात शोध घेत जा.

आणखी एक कागद येतो, लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्या पंचाची नोटीस. कर्जाच्या करारात लवादाचं कलम असतं आणि कंपनी आपल्याच पसंतीचा लवाद नेमून टाकते. एका बाजूने अशी नेमणूक करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलंय. पण तो आक्षेप तुम्ही लेखी घ्यायला हवा. गप्प राहिलात तर निवाडा होऊन बसतो आणि मग तो मोडायला दुप्पट खर्च.

घरातलं सामान कोणीही नेणार नाही. क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन ही विनातारण कर्जं. त्यासाठी सामान जप्त करायचं तर आधी दिवाणी दावा, मग हुकूमनामा, मग कोर्टाचा बेलिफ. आणि बेलिफालासुद्धा काय नेता येत नाही याची यादी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं. त्याच कलमात लिहिलंय की धार्मिक रूढीनुसार बाईने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्त करता येत नाहीत. ताई, म्हणजे तुमच्या गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावायची मुभा कायद्याने कोर्टाच्या बेलिफालाही दिलेली नाही. गेटवर उभ्या राहिलेल्या त्या मुलाला ते विकायला सांगायचा काय अधिकार? पगारातसुद्धा पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना संरक्षण आहे, आणि पीएफला पूर्ण आहे.

तुमची जबाबदारी? कर्जाच्या कागदावर तुमची सही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून नसेल, तर नाही. लग्नाने कर्ज बायकोकडे येत नाही. दिरांचं नाव फॉर्मवर 'संदर्भ' म्हणून असेल तर त्यांचाही एक पैशाचा संबंध नाही. जामीनदाराचं मात्र वेगळं आहे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी त्याच्याकडेही जाऊ शकते. आपल्याकडे पतपेढीच्या कर्जाला ऑफिसातले दोन सहकारी हसत-हसत जामीन राहतात, त्यांना हे सही करताना कोणीच सांगत नाही. पतपेढीचा विषय निघालाच आहे तर: पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या या नियमांखाली येत नाहीत. त्यांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ च्या दाखल्याने होते, तो दाखला निबंधक कार्यालयातून मिळतो आणि नंतर वसुली अधिकारी खरोखर जप्ती करू शकतो. तिथे १०१ ची नोटीस आली की पहिल्याच तारखेला हजर राहायचं, हिशेब मागायचा. तुमच्या प्रश्नात पतपेढी नाही, पण हे वाचणाऱ्या ठाण्या-कळव्यातल्या अनेकांच्या घरात ती असणार.

बचत खात्याची एक गोष्ट विसरू नका. कार्ड ज्या बँकेचं, त्याच बँकेत यजमानांचं बचत खातं असेल, तर बँक त्यातली शिल्लक कार्डाच्या थकबाकीत वळती करू शकते. घरखर्चाचे, फीचे पैसे दुसऱ्या बँकेत, तुमच्या नावाच्या खात्यात ठेवा. ही लपवाछपवी नाही, घर चालवण्याची सोय आहे.

ॲपचं कर्ज सगळ्यात छोटं आणि सगळ्यात घाणेरडं निघू शकतं. आधी बघा, ॲपच्या मागे कर्ज देणारी कंपनी कोण. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत फायनान्स कंपन्यांची यादी आहे, आणि जुलै २०२५ पासून त्यांच्या कर्ज-ॲप्सचीही यादी तिथे आहे. यादीत असेल तर त्या ॲपला तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट्स, फोटो, कॉलची नोंद बघायची परवानगीच नाही. वसुली एजंट बदलला तर त्याचं नाव एसएमएसने किंवा ईमेलने आधी तुम्हाला कळवायला हवं. पैसे कंपनीच्याच खात्यात जायला हवेत, कुणा एजंटाच्या यूपीआयवर नव्हे. यादीत नसेल, तर ते कर्ज नाही, फसवणूक आहे. कर्जाचा स्क्रीन, मिळालेली रक्कम आणि मागितलेली रक्कम यांचे स्क्रीनशॉट काढा, परवानग्या बंद करा, मग ॲप काढा. १९३० वर फोन करून सायबर तक्रार नोंदवा आणि रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवरही. अशा ॲपला "एकदाचं देऊन टाकू" म्हणून पुन्हा पुन्हा पैसे देत गेलेली माणसं मी पाहिली आहेत, मागणी कधीच संपत नाही. आणि एका ॲपचं भागवायला दुसरं ॲप कधीही नको. फोटोत फेरफार करून पसरवण्याची धमकी आली तर रात्रीचे कितीही वाजले असोत, मला किंवा कुणाही वकिलाला शोधत बसू नका, थेट पोलिसांत जा. तो गुन्हा आहे आणि त्यात तुमची काहीही चूक नाही.

आता करायचं काय. मी अशीलांना एकच धरून बसायला सांगते: फोनवरचं सगळं कागदावर आणा.

आज रात्रीच बँकेच्या आणि फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो. कर्ज यजमानांच्या नावावर आहे, म्हणून ईमेल त्यांच्या पत्त्यावरून जाऊ द्या. मराठीत लिहिलंत तरी चालेल. मजकूर साधारण असा:

"माझं कार्ड / कर्ज खातं क्रमांक अमुक. माझी नोकरी अमुक महिन्यात गेली, कार्यमुक्तीचं पत्र सोबत जोडलं आहे. देणं मी नाकारत नाही. सध्या दरमहा इतके रुपये भरू शकतो, त्याप्रमाणे हप्ता बांधून द्यावा. अमुक तारखेला रात्री ९ वाजता आपले दोन प्रतिनिधी माझ्या इमारतीच्या गेटवर आले. ओळखपत्र दाखवलं नाही, इतरांसमोर थकबाकीची रक्कम सांगितली, माझ्या पत्नीला अपमानास्पद बोलले. अमुक नंबरवरून पोलीस असल्याचं सांगून फोन आला. माझ्या भावाला फोन करण्यात आला, तो या कर्जात कुठेही नाही. कृपया वसुली एजन्सीचं नाव, अधिकारपत्राची प्रत, खात्याचा पूर्ण उतारा आणि व्याज-दंडाची फोड द्यावी. यापुढे संपर्क फक्त या ईमेलवर आणि सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेत माझ्या मोबाइलवर करावा. या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत खातं एजन्सीकडे देऊ नये."

"देणं नाकारत नाही" हे वाक्य काही वकील काढून टाकतील, कारण लेखी कबुलीने बँकेला दावा लावायच्या मुदतीचा तीन वर्षांचा काळ नव्याने सुरू होतो. तुमची थकबाकी फार तर पाच महिन्यांची आहे, मुदत संपण्याचा प्रश्नच नाही, आणि प्रामाणिक कर्जदार म्हणून उभं राहण्याचा फायदा मोठा आहे. पण कुणाचं पाच-सहा वर्षांपूर्वीचं, विसरलेलं कार्ड अचानक वर आलं असेल, तर एक रुपयाही भरण्याआधी, एकही ओळ लिहिण्याआधी वकिलाला भेटा. तिथे हजार रुपयांची 'सद्भावनेची' रक्कम किंवा सहीचं एक पत्र बरंच काही बदलू शकतं.

उतारा आला की नीट वाचा. बँका-फायनान्स कंपन्यांच्या कर्जांवर दंड व्याज म्हणून चढवायचा नाही, वेगळं दंड-शुल्क म्हणून दाखवायचा, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३ चा नियम आहे. कार्डांना तो लागू नाही, पण कार्डाच्या स्वतंत्र नियमांतही न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिसळून व्याज काढायला मनाई आहे. माझ्या टेबलावर आलेल्या कित्येक उताऱ्यांत ही चूक सापडली आहे, आणि ती दाखवून दिली की बोलणीचा सूर बदलतो.

ईमेलला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. सीएमएस पोर्टलवर तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. लांबवू नका, लोकपालाच्या योजनेला मुदत असते. २०२१ च्या योजनेत मनस्तापासाठी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद ठेवली गेली. त्याच विषयावर आधी कोर्टात किंवा ग्राहक आयोगात गेलात तर लोकपाल ऐकत नाही, म्हणून क्रम सांभाळा. ग्राहक आयोगाचं दार त्यानंतरही उघडं असतं. नवी मुंबईकरांसाठी ते बेलापूरच्या कोकण भवनात आहे, दोन वर्षांची मुदत आहे, आणि तुमच्या राहत्या ठिकाणी तक्रार करता येते, बँकेचं मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही.

पोलिसांचं थोडं अनुभवाने सांगते. पोलीस ठाण्यात गेलात तर बहुधा ऐकायला मिळेल, "मॅडम, पैशाचा मामला आहे, सिव्हिल आहे, भरून टाका." हुज्जत घालू नका. "कर्जाबद्दल तक्रार नाही, रात्री घरी येऊन धमकी दिली आणि पोलीस असल्याचं खोटं सांगितलं त्याबद्दल आहे," इतकंच म्हणा. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. साध्या धमकीवर बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होईल. ती कमी समजू नका. एनसीची प्रत बँकेच्या ईमेलला जोडली की प्रकरण एजन्सीच्या हातून वरच्या टेबलावर जातं. मी स्वतः त्या वरच्या टेबलावर बसायचे, अशा फाइलवर लाल खूण असायची. पुन्हा कोणी दारात आलं आणि आवाज चढवला, तर ११२.

आणि मला हेही म्हणायचंय, ती मुलं दिव्या-कळव्याच्या चाळीतली असतात, बारा-पंधरा हजारांवर दुचाकी घेऊन उन्हातान्हात फिरतात. त्यांना शिव्या देऊ नका, हात तर अजिबात उगारू नका, त्याची उलटी तक्रार होते. दार अर्धं उघडा, फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा, ओळखपत्र आणि अधिकारपत्र मागा, त्याचा फोटो घ्या, "ईमेल केलाय, उत्तर लेखी द्या" म्हणा आणि दार लावा. घरात घ्यायची सक्ती नाही. रोख पैसे त्यांच्या हातात देऊ नका.

दिरांसाठी, मैत्रिणींसाठी, शाळेतल्या बाईंसाठी एक मेसेज आजच पाठवा. हे करताना हात थरथरेल, मला माहीत आहे. पण हे तुम्ही सांगितलं की त्यांच्या हातातलं एकमेव हत्यार गेलं. इतकंच लिहा: "यांची नोकरी गेल्यामुळे कर्जाचे हप्ते थकलेत, बँकेशी बोलणी चालू आहेत. तुम्हाला कोणाचा फोन आला तर 'आमचा संबंध नाही' म्हणा आणि नंबर मला पाठवा." माझ्या अनुभवात नव्वद टक्के माणसं यावर "काही मदत लागली तर सांग" असं उत्तर देतात.

मी बँकेत असताना कळव्याच्या एका घरी आमचा एजंट मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी गेला होता. मांडवात उभं राहून रक्कम सांगून आला. वसुली त्याच दिवशी झाली, मुलीच्या बापाने व्याह्यांकडून उसने घेऊन भरले. माझ्यासमोर व्हिजिट रिपोर्ट आला, 'ग्राहकाचा प्रतिसाद सकारात्मक', आणि मी त्यावर सही केली. ती सही मला आजही छळते. त्या माणसाला कोणीतरी आदल्या महिन्यात एक ईमेल लिहायला सांगितलं असतं, तर तो दिवस त्याच्या घरावर आला नसता.

सेटलमेंटबद्दल. तीन-चार महिन्यांत "निम्म्यात मिटवा" असे फोन येतील. मिटवायला हरकत नाही, पण घाईने नको. बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर खातं क्रमांक, रक्कम, तारीख आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द असलेलं पत्र आल्याशिवाय एक रुपया भरू नका. पैसे कर्ज खात्यातच भरा, नंतर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. क्रेडिट रिपोर्टवर मात्र 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लागेल आणि पुढे घराचं कर्ज घेताना ते आडवं येईल. यजमानांना सहा महिन्यांत नोकरी लागण्यासारखी असेल तर मी सेटलमेंटपेक्षा हप्ते लांबवून घेण्याचा आग्रह धरीन. आणि सोनं मोडून विनातारण कर्ज फेडायला मी कधीच सांगत नाही. घराचं भाडं किंवा गृहकर्ज, फी, किराणा, औषध हे आधी, कार्ड सगळ्यात शेवटी. गृहकर्ज असेल आणि त्याचाही हप्ता चुकायला लागला असेल तर मला वेगळं लिहा, तिथे तारण घर कोर्टात दावा न लावता ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा येतो, ६० दिवसांची नोटीस येते आणि त्या दिवसांत काय केलं यावर घर टिकतं.

सिम बदलू नका. नंबर बंद झाला की फाइलवर 'स्किप' लागतं, म्हणजे कर्जदार पळाला, आणि मग नातेवाइकांचे फोन, ऑफिसची चौकशी सुरू होते. बँकेच्या खऱ्या नोटिशीही त्याच नंबरवर येतात. नंबर चालू ठेवा, दिवसातून एक फोन घ्या, तोच रेकॉर्ड करा, "ईमेल केलाय" एवढंच बोला, "सोमवारी भरते" कधीही म्हणू नका. बाकीचे वाजू द्यात. कॉल लॉग पुसू नका, पुढे तोच पुरावा आहे, आणि फोनही बदलू नका.

ईमेलच्या आधी मात्र एक काम करा. सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच पत्र द्या, शुक्रवारी रात्री पावणेनऊ ते साडेनऊचं गेटवरचं सीसीटीव्ही चित्रण आणि व्हिजिटर रजिस्टरचं त्या दिवसाचं पान जपून ठेवावं म्हणून. बऱ्याच सोसायट्यांत चित्रण पंधरा दिवसांत आपोआप पुसलं जातं, आणि तुमचे काही दिवस गेलेच आहेत.